फोन ठेवा, मी लावते

"फोन ठेवा. मी लावते."

एवढं बोलून अक्का खरंच रिसीव्हर खाली ठेवायच्या. पलीकडचा माणूस "अहो, पण" म्हणेपर्यंत लाइन गेलेली असायची. मग अक्का पदराने रिसीव्हर पुसायच्या, टेबलाच्या काचेखालचा नंबर बघायच्या आणि जो कोणी आपलं नाव सांगत होता, त्याच्या ठिकाणी स्वतः फोन लावायच्या. तिथे तोच माणूस भेटला तर पुढचं बोलणं. नाही भेटला तर "बघा, म्हटलं नव्हतं?" असं समोरच्या भिंतीला सांगायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. कुलूप लावल्यावर चार पावलं पुढे जाऊन परत येणारं, कुलूप ओढून बघणारं. अशा माणसाचा शेजार म्हणजे डोक्याला ताप. मला हा ताप रोज दिवसभर होता, कारण जळगावच्या त्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत मी आणि माझ्या कोपराला कोपर लावून फोनच्या टेबलावर अक्का.

दवाखाना मेंदूच्या डॉक्टरांचा. नव्वद सालानंतरची ती वर्षं, आणि मेंदूचा दवाखाना म्हटलं की लोक सरळ वेड्यांचा दवाखाना समजायचे. डोकेदुखीवाला माणूससुद्धा रिक्षा अलीकडच्या चौकात सोडून चालत यायचा. बायका तोंडावर पदर ओढून बसायच्या. बाजाराला जातो असं घरी सांगून रावेर-चोपड्याकडून माणसं यायची आणि खोटं वाटू नये म्हणून जाताना खरंच भाजी घेऊन जायची. फिट येणाऱ्या मुली तर आईच्या पाठीमागे लपूनच आत शिरायच्या.

त्यांतली एक मी. नववीत होते तेव्हापासून मला फिट यायच्या. डॉक्टरांनी तीन-चार वर्षं गोळ्या दिल्या, फिट थांबल्या, आणि बारावीनंतर त्यांनीच मला टायपिंग शिकून यायला सांगून खिडकीत बसवलं. मला तिथे पेशंट म्हणून ओळखणारी माणसं डॉक्टर सोडले तर एकच, अक्का. पण त्यांनी कधी नजरेनेही तसं दाखवलं नाही.

अक्का आधी धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. नवऱ्याच्या आजारपणात सरकारी नोकरी मुदतीआधीच सोडली, नवरा गेल्यावर नशिराबादला मुलाकडे आल्या, आणि घरात बसून करमेना म्हणून दवाखान्यात. बुटक्या, सुती पातळ, चष्म्याला काळी दोरी. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. ट्रंक कॉलच्या काळात अख्ख्या धुळ्याची भांडणं, लफडी, सौदे, मयत या बाईच्या कानांतून गेलेले. आम्ही जेवणाच्या सुट्टीत मागे लागायचो, "अक्का, सांगा ना एखादी गंमत! कोण कोणाला काय बोलायचं?"

अक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणायच्या, "लाइन फार खराब असायची गं. काही ऐकूच यायचं नाही."

एकदा डॉक्टर धुळ्याला गेले होते. तिथे त्यांचं दुसरं क्लिनिक होतं, ते फक्त गुरुवारी उघडायचं. परतताना वाटेतल्या एसटीडी बूथवरून त्यांनी फोन केला की एका पेशंटचे रिपोर्ट काढून वाचून दाखवा. अक्का म्हणाल्या, "आवाज डॉक्टरांसारखा वाटतो खरा. कुठून बोलताय? बूथचा नंबर द्या. फोन ठेवा, मी लावते." आणि नंबर लावल्यावर आधी बूथवाल्याला विचारलं, "समोर उभे आहेत ते कसे दिसतात?" बूथवाला म्हणाला, "टक्कल शे, आन लई चिडेल शेतस." तेव्हा कुठे अक्कांची खात्री पटली. डॉक्टर आल्यावर आता अक्कांची चंपी होणार म्हणून आम्ही सगळे कान टवकारून बसलो, तर डॉक्टर स्वतःच्या टकलावरून हात फिरवत हसत आत गेले.

मग दवाखान्यात कॉम्प्युटर आला. काय तो थाट! काचेची खोली, एसी, दारात चपला काढायच्या. मे महिन्यात आम्ही काही ना काही कामं काढून त्या खोलीत जाऊन बसायचो. सगळ्या पेशंटच्या जुन्या फायली मी महिनोन्महिने टाइप केल्या. माझीही केली. नाव, गाव, वय, आजार. स्वतःचा आजार स्वतः टाइप करताना बोटं जरा अडली, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांची हौस अशी की धुळ्याच्या क्लिनिकमध्ये बसून जळगावची फाइल दिसली पाहिजे. त्यासाठी कंपनीच्या माणसाने मोडेम नावाची एक चपटी डबी आणली आणि वेगळी टेलिफोन लाइन घेतली. धुळ्याच्या कॉम्प्युटरने त्या लाइनवर फोन फिरवायचा, इकडची डबी किंचाळून उत्तर देणार, पासवर्डचा शब्द टाकला की सगळ्या फायली तिकडे उघड्या. कंपनीचा माणूस म्हणाला, "अक्का, ही लाइन डबीला चोवीस तास जोडून ठेवा. त्यासाठीच आहे."

"दार चोवीस तास उघडं ठेवायला आपण काय धर्मशाळा काढलीय?" अक्का म्हणाल्या.

आता त्या पासवर्डच्या शब्दाची गंमत ऐका. दवाखान्याचा कारभार डॉक्टरांचे थोरले बंधू पाहायचे. त्यांना सगळे भाईजी म्हणायचे. पिढ्यानपिढ्या व्यापारातलं मारवाडी घराणं, माणूस देवभोळा आणि मनाचा मोठा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी वह्यांच्या शेजारी कॉम्प्युटरही पूजेला मांडला. पडद्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, कीबोर्डवर अक्षता टाकल्या (त्या पुढे कितीतरी दिवस मी टाचणीने काढत होते) आणि त्याच मुहूर्तावर पासवर्ड ठेवला, "शुभलाभ". एवढंच करून थांबले नाहीत. दरसालच्या रिवाजाप्रमाणे काचेच्या खोलीच्या दारावर एका बाजूला शुभ आणि दुसऱ्या बाजूला लाभ असं कुंकवाने ठसठशीत लिहिलंसुद्धा!

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अहो भाईजी, हा शब्द समोरच्या किराणा दुकानावर आहे, पलीकडच्या सराफाकडे आहे. अख्ख्या खानदेशात असं एक दुकान दाखवा, ज्याच्या भिंतीवर हा नाही."

"म्हणूनच तर शुभ आहे, अक्का," भाईजी म्हणाले. "लक्ष्मीपूजनाला ठेवलेला शब्द सालभर बदलायचा नसतो. अपशकुन होतो."

भाईजींपुढे कोण बोलणार? शब्द बदलता येईना, म्हणून अक्कांनी वायर ताब्यात घेतली. त्या लाइनची वायर डबीतून काढून त्यांनी आपल्या टेबलावरच्या लाल फोनला लावली. गुरुवारी धुळ्याचा कंपाउंडर नेहमीच्या काळ्या फोनवर सांगायचा, "अक्का, लाइन द्या." अक्का म्हणणार, फोन ठेवा, मी लावते. मग क्लिनिकला स्वतः फोन लावून, आवाज ओळखून, वर त्याच्या बायकोची खुशाली विचारून झाली, की उठून वायर डबीला लावायच्या. काम संपलं की परत लाल फोनला. कंपाउंडर वैतागायचा, कंपनीचा माणूस हात जोडायचा. डॉक्टर म्हणायचे, "चालू द्या अक्कांचं, माझे पेशंट आहेत शेवटी."

आणि असं सगळं चालू असताना मला स्थळ आलं, धुळ्याचं. मुलगा पाटबंधारे खात्यात, घर शेतकऱ्याचं, माणसं बरी. आईने मला देवासमोर बसवून बजावलं, फिटबद्दल चकार शब्द काढायचा नाही. थांबल्यात ना आता? मग कशाला उकरायचं? आमच्याकडे सोयरीक ठरायच्या आधी चौकशी होते. मुलीचा स्वभाव शेजारणीला विचारतात, शिक्षण मास्तरांना विचारतात. आणि मेंदूच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या मुलीचं दुखणं कुठे विचारणार? याआधी एक स्थळ नुसत्या कुजबुजीवर मोडलं होतं. हेही गेलं तर माझ्यापाठच्या बहिणीचंही अवघड होणार, हे मला न सांगता कळत होतं.

एका सोमवारी अक्कांच्या टेबलावरचा लाल फोन वाजला. सोमवारी! धुळ्याचं क्लिनिक तर बंद. अक्कांनी उचलला, तर पलीकडून कॉम्प्युटरची ती किंचाळी. कोणाच्या तरी मशीनने नंबर फिरवला होता. दुसरं कोणी असतं तर घाबरून फोन ठेवला असता. अक्का त्या किंचाळीवर चढ्या आवाजात ओरडल्या, "कोण कोकलतंय? आधी नाव सांगा!"

बाहेर बसलेले पेशंट दचकले. किंचाळी बंद झाली.

थोड्या वेळाने काळा फोन. "मी धुळ्याच्या क्लिनिकमधून बोलतोय, लाइन द्या." अक्का म्हणाल्या, फोन ठेवा, मी लावते. क्लिनिकला लावला तर नुसतीच घंटी वाजत राहिली. कंपाउंडरच्या घरी लावला तर तो घरी शेंगा फोडत बसलेला. "बघा, म्हटलं नव्हतं?" अक्का भिंतीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा फोन. या वेळी आवाज मोठ्या माणसाचा, लाडीगोडीचा. त्या फोनमधून एवढं मोठ्याने ऐकू यायचं की शेजारी बसलेल्या मला निम्मंअर्धं कळायचंच. त्यात मला माझ्या गावाचं नाव ऐकू आलं. मग आडनाव.

"अक्का, सोयरीकनं काम शे, पुण्यनं काम शे," तो म्हणत होता. "पोरगी तुमनाकडेच कामले शे ना? तिले काही दुखणं व्हतं का, इतलंच सांगा. बठ्ठं, सगळं ठीक शे ना?"

मी अक्कांकडे बघितलं. मान हलवून, हात जोडून, डोळ्यांनी सांगितलं, नाही म्हणा. अक्का, नाही म्हणून टाका.

अक्का माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे कोण औषध घेतं आणि कोण नाही, हे आम्ही फोनवर सांगत नाही. कोणाचंच नाही."

"म्हणजे शे काहीतरी!"

"तुमचं नाव सांगा. तुम्ही आमच्याकडे येता की नाही, हेसुद्धा मी कोणाला सांगणार नाही."

फोन बंद झाला आणि माझा भडका उडाला. माझा राग म्हणजे गवताला काडी. पेशंट बसलेत, काही नाही, मी तिथेच सुरू झाले. "एक 'नाही' म्हणायला तुमच्या बापाचं काय जात होतं? रोज नातीला चॉकलेट संपलं म्हणून खोटं सांगता, तेव्हा नाही का तोंडात किडे पडत? आता ते काय समजतील? झालं माझं वाटोळं!"

अक्कांनी मला काचेच्या खोलीत नेलं. म्हणाल्या, "आज तुझ्यासाठी 'नाही' म्हटलं असतं. मग उद्या दुसऱ्या पोरीची चौकशी आली, आणि तिच्या बाबतीत मी गप्प बसले, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय झाला? ज्याचं आहे त्याचंही तेच उत्तर, ज्याचं नाही त्याचंही तेच. नाहीतर या फायली कुलपात ठेवून उपयोग काय?"

"मला नका शिकवू. माझं लग्न मोडतंय."

"मोडू नये असं मलाही वाटतं गं," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून तुझं काही बाहेर जाऊ देणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे. तू सांगायचं की नाही, ते तुझं. त्यात मी पडणार नाही."

कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. डबा घेऊन औषधांच्या खोलीत जेवायला बसायची. अक्का मुकाट्याने वांग्याच्या भरताची वाटी माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि मी, मेली एवढी हट्टी, ती संध्याकाळी तशीच परत द्यायची. भरीत मात्र फार चांगलं व्हायचं त्यांचं.

पण रागाच्या भरात एक गोष्ट डोक्यात शिरली ती शिरलीच. माझं दुखणं माझं आहे. आई म्हणते लपव, तो फोनवाला म्हणतो दाखव, आणि मला कोणी विचारतच नाही. चौकशीला उत्तर न मिळूनही मुलगा बघायला आला, याचं मला आश्चर्यच वाटलं. पोहे झाले, मोठी माणसं म्हणाली, मुलामुलीला जरा बोलू द्या. आम्ही गच्चीवर गेलो. पापड वाळत घातले होते तिथे उभी राहून मी एका दमात सांगून टाकलं. नववीपासून फिट यायच्या, आता थांबल्यात, गोळी अजून एक चालू आहे, काय ते ठरवा.

तो पापड चुकवत जवळ आला. मग म्हणाला, "जरा या बाजूला येऊन परत सांगता का? मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. घरच्यांनी सांगू नको म्हटलंय."

मला हसू फुटलं. खाली आईने काय समजायचं ते समजून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या उजव्या हाताला बसते. (हे लिहायच्या आधी त्यांची परवानगी घेतलीय, काळजी नसावी.) माझं दुखणं त्यांनी आपल्या आईला स्वतः सांगितलं, समजावलं. सासूबाई चार दिवस धुमसल्या, मग साखरपुड्याची तारीख काढली.

सोयरीक जमल्यावर मी अक्कांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सांगितलंस? मग तो काय म्हणाला?"

"लाइन फार खराब होती, अक्का. काही ऐकूच आलं नाही."

अक्का पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की डॉक्टर बाहेर आले. त्या दिवशी भरताची वाटी मी चाटून पुसून परत दिली.

फोनवाला कोण, ते लग्नानंतर कळलं. यांचे मामाच! धुळ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास, आणि आमच्या क्लिनिकचं मशीन बिघडलं की दुरुस्तीला त्यांचाच मास्तर जायचा. नंबर त्याच्याजवळ होता, शब्द कुठल्याही भिंतीवर. मामा स्वतःच हसत सांगायचे, "आम्ही नंबर फिरवला आन कॉम्प्युटरमधून एक बाई वरडनी, कोण कोकलतंय! मास्तर खुर्ची सोडीसन पळना!" मी हसायची, पण मनात यायचं, वायर डबीला असती तर माझं दुखणं त्या क्लासच्या पडद्यावर पाच-दहा जणांनी वाचलं असतं. मग हे गच्चीपर्यंत आलेच नसते. आणि मी एकटीच होते का त्या कॉम्प्युटरमध्ये? पदर ओढून येणाऱ्या सगळ्या जणी होत्या. त्यांना अक्कांचं नावही माहीत नसेल. त्यांच्या वतीने मीच त्या बाईला हात जोडते.

लग्नानंतर मी धुळ्याला आले. जळगावला गेले की अक्कांना भेटायची. त्यांनी नोकरी सोडली तरी नशिराबादला वाकडी वाट करून जायची. मग एकदा त्या गेल्याचं आठवड्याने कळलं. मी गेले तेव्हा घरात अजून सुतक होतं. सुनेने सतरंजी टाकली, पाणी दिलं.

"तुमच्याबद्दल फार बोलायच्या," ती म्हणाली.

मी उगाच पदर सावरला. इतक्या वर्षांनीही. "काय बोलायच्या?"

"की तुम्हाला राग लवकर येतो आणि भरीत आवडतं."

बस, एवढंच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेजवळही त्या बाईने माझं एवढंच सांगितलं होतं. माझे डोळे भरून आले आणि काय वाटलं कोणास ठाऊक, मीच बोलून गेले. "मला लहानपणी फिट यायच्या. मी तुमच्या सासूबाईंच्या दवाखान्यातली पेशंट."

सुनेने तांब्या खाली ठेवला. तिने आतल्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आमच्या मोठीला येतात," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली. अक्कांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"मीच म्हटलं होतं, कोणाला सांगू नका. पण तुमच्याजवळ तरी बोलायचं हो! मला वाटायचं, जगात माझ्याच पोरीला..."

मला क्षणभर तो जुना राग आला. दोन वर्षांत किती वेळा मी याच ओट्यावर अक्कांसमोर बसून चहा प्यायले होते. एक शब्द बोलल्या असत्या तर या बाईला केवढा आधार झाला असता. पण तिने सांगू नका म्हटलं होतं. अक्कांनी नाही सांगितलं. दोन्ही बाजूंचं ओझं एकटीने वागवलं आणि वर मला हसून चहा पाजला.

सुनेने डोळे पुसले आणि आत हाक मारली. पोरगी आली, माझ्या त्या वेळच्या वयाचीच, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आईच्या मागे उभी राहिली. आईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीने मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. लग्न झालेली, पोरंबाळं असलेली, धडधाकट बाई. तिचा विश्वास बसेना.

"तुम्हाला शाळेत आली होती का कधी?" तिने विचारलं.

"आली होती ना. प्रार्थनेच्या वेळी, सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग काय, बाकीच्यांनी प्रार्थना पुरी केली. मास्तर लई शिस्तीचे होते."

ती आधी आईकडे बघायला लागली, आणि मग एकदम खळखळून हसली. शेजारच्या दोघी सुतकाला म्हणून भेटायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. पण तिच्या आईने तिला गप्प केलं नाही.